गाळाचे घनमीटर आणि तळ्याचा काठ

एप्रिल-मे उजाडला की वऱ्हाडात दोन आवाज वाढतात. एक लग्नातल्या वाजंत्रीचा आणि दुसरा पोकलेन यंत्राचा. नांदगाव पेठेत राहणाऱ्यांना हा दुसरा आवाज अधिक परिचयाचा आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला अमरावती-नागपूर महामार्ग. माती, मुरूम आणि गिट्टी वाहणाऱ्या टिप्परांची ये-जा येथे सदैव चालू असते. याच महामार्गावर पलीकडे, अमरावती-अकोला टप्प्यात लोणी ते माना या भागात, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर अवघ्या १०५ तासांत अंथरला गेला आणि जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. एवढे यंत्रबळ ज्या प्रदेशाच्या हाताशी आले आहे, तेथे एखादा गावतलाव उपसणे हा आठ-दहा दिवसांचा खेळ झाला आहे. पूर्वी हेच काम टिकाव-फावड्याने चाले, तेव्हा चूक करायलासुद्धा वेळ लागत असे. आता चूक आठवड्यात पुरी होते आणि ती निस्तरायला दहा वर्षे पुरत नाहीत.

येथे प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. गाळ काढू नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. वऱ्हाडातील काळी कसदार माती पावसाच्या दोन तडाख्यांत शेतातून सुटते आणि ओढ्यानाल्यांवाटे तळ्यात जाऊन बसते. तळे उथळ होते, शेत बरड होते. दोन्हीकडून नुकसान शेतकऱ्याचेच. हा गाळ पुन्हा शेतात नेऊन टाकणे ही कल्पना मुळात शहाणपणाची आहे. राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, २०२३ मध्ये ती नव्या स्वरूपात आणली आणि लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेण्यासाठी अडीच एकरांपर्यंत जास्तीत जास्त ३७,५०० रुपयांचे अनुदान ठेवले. त्याआधी २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात ७५ ‘अमृत सरोवरे’ करण्याचा केंद्राचा कार्यक्रम आला. हलक्या रानात गाळ पसरल्यावर दुसऱ्या वर्षी तेथे उभे राहिलेले पीक ज्याने पाहिले आहे, तो या योजनांची थट्टा करणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. गाळ काढताना त्याच फटक्यात तळ्याचे जे दुसरे अंग आपण कापून टाकतो, त्याचा विचार कोणी आणि केव्हा करावयाचा?

काठ म्हणजे काय?

तळे म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा, अशी आपली एक सोपी समजूत असते. जुने गावतलाव तसे नसतात. पाळीकडच्या बाजूला पाणी खोल असते आणि तेथून ते वरच्या अंगाला, जिकडून नाला येतो तिकडे, हळूहळू उथळ होत जाते. शेवटचा भाग तर पाणी की जमीन, हे सांगता येऊ नये असा. पावसाळ्यात तेथे गुडघाभर पाणी, हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगाळलेली भुई. लव्हाळे, पाणकणीस आणि नाना जातींचे गवत तेथेच उगवते. वरून येणारा गाळ पहिल्यांदा अडतो तो या गवतातच; म्हणजे ज्या गाळाविरुद्ध आपली मोहीम असते, त्याचा पहिला पहारेकरी हा काठच होय.

त्याच्यावर जगणारेही बरेच. पाणी ओसरेल तसतशी उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करणारा भूमिहीन, जनावरांसाठी ओला चारा कापणारी बाई, मडक्यांसाठी चिकणमाती नेणारा कुंभार, जाळे टाकणारा भोई. पाण्याच्या अंदाजपत्रकात यांच्यापैकी एकाचाही उल्लेख नसतो, कारण यांपैकी एकही जण पाणी ‘वापरत’ नाही.

पक्ष्यांचे तर सारे बिऱ्हाडच काठावर. वडाळी आणि छत्री तलाव हे अमरावतीकरांच्या फिरण्याचे तलाव. पण थंडीच्या दिवसांत थोडे दूर, केकतपूरसारख्या तळ्यावर किंवा अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यावर जावे, म्हणजे उत्तरेकडून आलेले चक्रवाक आणि पट्टकदंब दिसतात. सिंभोऱ्याच्या या धरणाच्या जलाशयाला ‘नळ-दमयंती सागर’ असे नाव दिलेले आहे. विदर्भाच्या राजकन्येकडे नळाचा निरोप घेऊन हंस आला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नाव देणाऱ्याच्या मनात हंस होता की नाही, कोण जाणे. परंतु हिमालय ओलांडून येणारा हा हंसकुळातला पाहुणा त्या पाण्यावर खरोखरच उतरतो, आणि तो खोल पाण्याच्या मध्यभागासाठी येत नाही. उथळ काठ, तेथले कोवळे गवत आणि शेजारचे हरभऱ्या-गव्हाचे रान, यांसाठी तो येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचक्रोशीतील एक जुना तलाव असाच खोल करण्यात आला. काम प्रामाणिकपणे झाले, याविषयी मला शंका नाही. गाळ खरोखर निघाला आणि शेतांत गेला. मात्र तलावाचा आकार चौकोनी हौदासारखा झाला. कडा उभ्या. पहिल्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला तेव्हा गावाने नारळ फोडला. त्यानंतर दोन वर्षांनी काठावर भेटलेला एक वृद्ध भोई मला म्हणाला, “पानी तं लय झालं मास्तर, पन मासोईनं अंडे द्याचे कुठी?”

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला एवढा नेमका प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत. मरळीसारखा मासा उथळ पाण्यातील गवतात घरटे करतो आणि पिलांची राखण करतो. त्याचे बीज कोणी विकत आणत नाही. ते तळेच पुरवते. कतला, रोहू यांचे मत्स्यबीज मात्र दरवर्षी पैसे मोजून आणावे लागते, कारण हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. काठ गेला तेव्हा भोयांच्या संस्थेच्या हातचे फुकटचे भांडवल गेले आणि विकतचे तेवढे राहिले. पाणी वाढूनही मासेमारीचा खर्च कसा वाढतो, याचे उत्तर येथे आहे.

नदीनाल्यांची कथा याहून निराळी नाही. नाल्याचे पात्र म्हणजे कोठे डोह, कोठे खडकाळ उथळ धार, कोठे वाळूचा पट्टा. उन्हाळ्यात धार आटली तरी डोह टिकतो आणि पुढच्या पावसापर्यंत माशांचे बी तेथे जिवंत राहते. खोलीकरणानंतर हे सारे जाऊन एकाच रुंदीची, एकाच खोलीची सरळ चर उरते. शिवाय काम चालते ते नेमके मार्च ते जून या महिन्यांत. टिटवी, नदीसुरय, चिखल्या हे पक्षी उघड्या पात्रात, वाळूत किंवा तळ्याच्या कोरड्या भुईवर अंडी घालतात तेही याच महिन्यांत. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस मोठा, असा आडाखा आपल्याकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या बांधत आले. आता तिने अंडी कोठेही घातली तरी पोकलेनचा पट्टा तेथून जाणार, हा आडाखा बांधायला अनुभवी शेतकऱ्याची गरज नाही.

मोजमाप पुस्तिकेत नसलेले

हे कोणी दुष्टाव्याने करीत नाही. कारण अगदी साधे आहे. कामाचे माप घनमीटरात असते. किती घनमीटर गाळ निघाला, त्यावर देयक निघते. किती घनमीटर साठा वाढला, त्यावर कामाचे यश ठरते. काठाला असे एकही माप नाही. ज्याला माप नाही त्याला दर नाही, आणि ज्याला दर नाही ते अंदाजपत्रकात येत नाही. उथळ काठ सोडला तर अभियंत्याच्या कागदावर ते ‘अपुरे काम’ दिसते.

आमच्या नांदगाव पेठेला या घनमीटरांची चांगली ओळख आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील १३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र अप्पर वर्ध्याच्या पाण्यावर उभे राहिले, तेव्हा शेतीचे पाणी उद्योगाला द्यावे काय, या वादाने सारा जिल्हा ढवळून निघाला होता. वाद रास्त होता. पण त्यातही दोन्ही पक्ष पाणी मोजत होते ते दशलक्ष घनमीटरांतच. पाण्याला घनफळाखेरीज आकार असतो, काठ असतो, ऋतू असतो, ही गोष्ट ना उद्योगाच्या बाजूने कोणी मांडली, ना शेतीच्या.

कायद्याकडे वळावे तर तेथेही निराशा. केंद्र शासनाचे २०१७ चे पाणथळ जागांविषयीचे नियम नदीपात्राला लागू नाहीत. तसेच पिण्याच्या पाण्यासाठी अथवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या तलावांनाही ते लागू नाहीत. वऱ्हाडात निसर्गनिर्मित तळी किती? लोणारचे सरोवर सोडले तर बोटावर मोजण्याइतकी. बाकी सारे पाझर तलाव, गावतलाव आणि धरणे. म्हणजे वऱ्हाडातील बहुतेक सर्व पाणथळ जागा ‘पाणथळ’ या व्याख्येच्याच बाहेर राहतात. पट्टकदंबाला हे नियम वाचता येत नाहीत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आणि घनमीटरांचा हिशेब त्याच्या स्वतःच्या कसोटीला तरी उतरतो काय? सुरेश खानापूरकर यांनी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात नाला खोलीकरणाचे जे काम केले, ते तेथील भूस्तराचा अभ्यास करून केलेले होते. तेच पुढे, भूस्तर कोणता हे न विचारता, राज्यभर गिरवले गेले. ‘जलयुक्त शिवार’ योजनेतील या अंदाधुंद खोदाईविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे २०२० साली महालेखापरीक्षकांनी विधिमंडळाला सादर झालेल्या अहवालात नोंदवले की, ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्चूनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलपातळी वाढण्यावर योजनेचा परिणाम अल्प झाला. आमच्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर खोल जाणे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणे. तेथे वरचे पाऊसपाणी हेच काय ते गोडे. विदर्भातील इतर ठिकाणचा खोलीकरणाचा नमुना तेथे नेऊन ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

गाळ हा नेहमी शत्रूच असतो, असेही नाही. नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमाखाली नांदूर मधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, त्यांवर वनस्पती वाढल्या आणि हजारो पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या वहीत जी तूट होती, तीच दुसऱ्या वहीत जमा झाली. मात्र त्याच गाळामुळे पुराचे पाणी मागे तुंबते, अशी निफाड तालुक्यातील चांदोरी-सायखेड्याच्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे, आणि घरात पुराचे पाणी शिरलेल्या माणसाला पक्ष्यांचे कौतुक सांगणे शोभत नाही. कोठला गाळ काढावा, कोठला राखावा, हे ठरवण्यासाठी दोन्ही वह्या एकाच टेबलावर उघडाव्या लागतात. आज त्या दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत असतात.

वरातीमागून घोडे

यावर एक नेहमीचे उत्तर मिळते: आधी गाळ काढून घेऊ, मग झाडे लावू, पक्ष्यांचे बघू. हे उत्तर महाग पडते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची नदी आहे. सुमारे १६६ किलोमीटर वळणे घेत वाहणारी ही नदी पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटर लांबीच्या सरळ, खोल कालव्यात कोंबण्यात आली. पूर आटोक्यात आला. पण काठची दलदल सुकली आणि हिवाळ्यात येणारी बदके जवळजवळ नाहीशी झाली. लोकांचा असंतोष वाढला, आणि १९९९ पासून त्याच कालव्याचा काही भाग बुजवून नदीला तिची जुनी वळणे परत देण्याचे काम सुरू झाले. ते २०२१ मध्ये पुरे झाले. खर्च सुमारे शंभर कोटी डॉलर, आणि परत मिळाली ती सुमारे ७० किलोमीटर नदी. अमेरिकेला ही चैन परवडली. आमच्या जिल्हा परिषदेला ती परवडणार नाही.

उलट, काम करता करताच अधिवासाची तरतूद केली तर तिचा खर्च किती येतो? एक साधा हिशेब मांडतो. दहा हेक्टर पाणपसाऱ्याचे, जवळजवळ गोल असे तळे घ्या. त्याचा घेर सुमारे ११०० मीटर भरेल. सरासरी एक मीटर गाळ काढावयाचा तर एकूण एक लाख घनमीटर. आता काठाने दहा मीटर रुंदीचा पट्टा उभा न कापता उतरता ठेवला, म्हणजे कडेला शून्य आणि आत एक मीटर अशी उतरण दिली, तर न काढलेला गाळ सुमारे साडेपाच हजार घनमीटर होईल. शंभरामागे साडेपाच! उभ्या कडा दोन पावसाळ्यांत ढासळून जेवढी माती परत तळ्यात आणतात, तिच्याशी हा आकडा ताडून पाहावा. शिवाय उभ्या कडेच्या खड्ड्यात गुरे आणि पोहायला गेलेली पोरे बुडतात, तो हिशेब मी येथे धरलेला नाही.

अशा कामाचा नमुना पाहण्यासाठी फ्लोरिडाला जायचे कारण नाही. विदर्भाच्याच पूर्व टोकाला, गोंदिया-भंडाऱ्याकडे, कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि हळूहळू गाळ व बेशरमाच्या झुडपांनी भरले. अर्जुनी-मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ढिवर समाजाला बरोबर घेऊन काही तलावांत निराळी पद्धत वापरली. बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तळ्याची भुई नांगरली आणि पावसाळ्यात इतर तळ्यांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती तेथे लावल्या. कोठली वनस्पती कोठल्या खोलीवर रुजते आणि कोठला मासा कोठल्या वनस्पतीत वीण घालतो, हे ज्ञान ढिवरांकडे होते; ते विचारून घेतले गेले, एवढाच काय तो फरक. गेलेले देशी मासे त्या तळ्यांत परत दिसू लागले, पक्षीही आले. पाणवनस्पती लावण्याचे हे काम पुढे ढिवर स्त्रियांनी अंगावर घेतले.

आमच्याकडे भोई आहेत, तळी आहेत आणि यंत्रे तर आहेतच. नाही तो एक रकाना. गाळ काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात अधिवासाचा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय तांत्रिक मान्यता मिळू नये. त्यात फार मोठे शास्त्र नाही. नाल्याकडचा उथळ भाग आणि तेथले गवत राखावे. वरचा वीतभर चिखल, ज्यात पाणवनस्पतींचे बी आणि कंद असतात, तो आधी बाजूला काढून काम संपल्यावर उतारावर पुन्हा पसरावा. थोड्या मातीचे, सर्वांत मोठ्या पाण्यातही न बुडणारे एखादे बेट मध्ये ठेवावे, म्हणजे कुत्र्यांपासून अंडी सुरक्षित राहतील. नाल्यातील डोहांना आणि नैसर्गिक वळणांना हात लावू नये. पात्रात अंडी दिसतील तो तुकडा शेवटी घ्यावा. यंत्र जागेवर असताना ही कामे जवळजवळ फुकटात होतात. ते परत गेल्यावर यांतल्या प्रत्येकासाठी वेगळी निविदा काढावी लागेल, आणि ती कोणी काढणार नाही. वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती न करता तळे उपसणे हे तर सदऱ्याला भोक ठेवून खिशात पैसे टाकण्यासारखे आहे. पण तो एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

हा रकाना भरणार कोण, असा प्रश्न अभियंते विचारतील आणि तो योग्य आहे. कनिष्ठ अभियंत्याला मरळीची वीण ठाऊक असावी, ही अपेक्षा अन्यायाची होईल. परंतु जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावयास पाहिजे. बहुतेक गावांत ती नोंदवही कपाटात आहे. ती बाहेर काढावी, समितीत भोयांचा आणि गुराख्यांचा माणूस घ्यावा, तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्राच्या विभागांनी एक हिवाळा तळ्यावर घालवावा. अमरावतीच्या पक्षिनिरीक्षकांनी पोहरा-मालखेडच्या जंगलातील पक्ष्यांची शास्त्रीय यादी २००२ मध्येच प्रसिद्ध केलेली आहे. म्हणजे या जिल्ह्यात जाणत्यांची वाण नाही. त्यांना बोलावणे जाते ते काम झाल्यावर, उद्घाटनाला.

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. दर डिसेंबरात आपण त्यांचे स्मरण करतो. पुढच्या उन्हाळ्यात पेढीच्या आणि तिच्या नाल्यांच्या पात्रात कोठे पोकलेन उतरायचे, याचे प्रस्तावही साधारण त्याच दिवसांत तयार होतात. त्यानंतर २६ जानेवारीची ग्रामसभा येते. आपल्या शिवारातील तळ्याचा कोणता भाग खोल करावा आणि कोणता तसाच राखावा, याचा नकाशासह ठराव त्या सभेत करून प्रस्तावाला जोडता येतो. त्यासाठी मुंबईहून परवानगी आणावी लागत नाही.